द्राक्षाच्या खोडाचा दाढीचा ब्रश : कामाच्या नोंदी

२१ एप्रिल २०२४

मेव्हण्याने निफाडची जुनी थॉमसन द्राक्षाची बाग काढली, नवीन जात लावायचीय त्याला. जेसीबीने उपटलेल्या खोडांचा ढीग बांधावर पडला होता, त्यातली थोडी मला हवी होती, दाढीच्या ब्रशची मूठ करायला. तो बघतच राहिला. म्हणे "दाजी, चांगलं सागवान देतो ना आणून, हे चुलीत घालायचं लाकूड." सागवानाची मूठ कुणीही करतं पण. द्राक्षाच्या खोडाला कुणी हात लावत नाही कारण ते बारीक, पिळलेलं आणि तडकणारं असतं, म्हणूनच करून बघायचंय.

आपल्याकडे बऱ्याच बागा डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेल्या असतात, म्हणजे जमिनीलगतचं खोड डॉगरिजचं आणि वरचं थॉमसनचं, आणि जोडाच्या जागी फुगवटा. मला तोच फुगवटा हवाय, एकतर तिथे जाडी मिळते आणि दुसरं म्हणजे एकाच मुठीत दोन झाडं येतील. तयार मूठ ३३-३४ मिमी जाड लागते, साल आणि वेडंवाकडं धरून कच्चा तुकडा साठच्या आसपास हवा. ढिगात एवढी जाडी फार थोड्या खोडांना होती आणि त्यातली निम्मी खोडकिड्याने पोखरलेली. भोक दिसलं की फेकलं.

१५ सेंटीमीटरचे तुकडे कापून आणले. दोन्ही टोकांना फेविकॉलचा जाड थर दिला, कारण लाकडातलं पाणी टोकांकडून झपाट्याने उडतं आणि मधलं तसंच राहतं, मग टोकाला चिरा पडतात. साल ठेवलीय, तेवढंच सुकणं सावकाश होईल. प्रत्येक तुकड्यावर मार्करने अक्षर आणि वजन. 'अ' तुकडा ४३१ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, बायको नसताना.

१ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि नेमका बुधवार, मग काय, नाशिकच्या गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार. भाजी बाजूला राहिली आणि मी जुन्या लोखंडाच्या पथारीवर बसलो. कड्या, कुलपं, स्टोव्हचे बर्नर आणि त्यात एक तीन भागांचा सेफ्टी रेझर : टोपी, मधली प्लेट, दांडी. पथारीवाले काका म्हणाले पितळी आहे. सगळे असंच म्हणतात. लोहचुंबकाने इथे काही कळत नाही कारण पितळेलाही चिकटत नाही आणि हल्लीच्या स्वस्त रेझरचं जस्ताचं मिश्रधातू असतं त्यालाही नाही. प्लेटची खालची बाजू बघितली, जिथे मुलामा उडालाय तिथे पिवळं दिसतंय, आटे स्वच्छ आहेत, टोपी वाकलेली नाही. जस्ताच्या धातूचा मुलामा गेला की आतून पोखरत जातो, तो दुरुस्त करण्यात अर्थ नसतो. पितळेला मरण नाही. घासाघीस करून घेतला.

या प्रकाराचं मला कौतुक वाटतं ते असं की किंग कॅम्प जिलेटने कंपनी काढली १९०१ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी म्हणजे १९०३ ला खपले ५१ रेझर आणि १६८ ब्लेड, पेटंट मिळालं १९०४ ला. ब्लेडच्या मधल्या खाचेचा आकार पुढे बदलला पण आज टपरीवर मिळणारं टोपाझ ब्लेड त्या जुन्या तीन खुंट्यांच्या रेझरलाही बसतं. मोबाईलच्या चार्जरची पिन चार वर्षं टिकत नाही आणि हे शंभर वर्षांवर चालू आहे.

१२ मे

रेझर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने भिजवून जुन्या टूथब्रशने घासला. खाचांमधून जुन्या साबणाचा दगड झालेला थर निघाला. आईने पितांबरी पुढे केली, तिचा जीव पितळ दिसलं की तिकडेच जातो, पण उरलेला मुलामा पावडरने ओरखडून जाईल म्हणून नको म्हटलं.

तसाही तो मुलामा अर्धा गेलेलाच आहे. ओळखीने अंबडला एका प्लेटिंगवाल्याकडे नेला. "एकच नग?" हा पहिला प्रश्न. मग त्यांच्या नळाच्या पार्ट्ससोबत रॅकला अडकवून देतो म्हणाले. त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. बफिंग, म्हणजे मशीनवर घासून चमकवणं, करताना टोपीची कड आणि प्लेटची पुढची पट्टी, म्हणजे जी त्वचेला टेकते ती, यांना बफ लावायचा नाही, फक्त हाताने पुसायचं. ब्लेड किती बाहेर राहतं आणि किती वाकतं ते या दोन कडा ठरवतात, चमकवायच्या नादात तिथलं थोडं जरी झिजलं तरी रेझरचा स्वभाव बदलतो. आणि निकेलवर क्रोमचा थर हवाच, नुसत्या निकेलने बऱ्याच जणांना खाज येते. आट्यांवर मुलामा बसू नये म्हणून मास्किंग करून दिलं त्यांनी, न सांगता. माणूस कामातला आहे.

९ जून

'अ' ३१८ ग्रॅम. 'क' टोकापासून मधोमध उभा फाटला, फेविकॉल असूनही. 'ड' ला दोन बारीक चिरा, कातकामात निघून जातील असं वाटतंय. कलमाच्या फुगवट्याचे तीन तुकडे होते, त्यातला 'अ' आणि 'फ' शाबूत.

'क' फाटलाच होता म्हणून आडवा कापून बघितला. मधे तपकिरी गाभा, तोही जरा एका बाजूला सरकलेला, आणि तिथून सालीकडे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्या जाव्यात तशा फिकट रेषा. दोन रेषांच्या मधे उघड्या डोळ्यांना दिसतील एवढी भोकं, पाणी वर चढवणाऱ्या नळ्या त्या. उन्हाळ्यात वेल किती पाणी ओढते ते ठिबकवाल्याला विचारा, त्याच्यासाठी एवढ्या मोठ्या नळ्या लागतातच. चिरही बरोबर एका आरीवरूनच गेलीय. म्हणजे फाटायच्या वाटा लाकडात आधीपासून आखलेल्याच आहेत आणि भोकांमधून पाणी आत शिरायलाही मोकळा रस्ता. दाढीच्या ब्रशला याच्याइतकं नालायक लाकूड शोधून सापडणार नाही, मजा येणार आहे.

रेझर आला. आरशासारखा नाही, पण टोपीच्या कडा जशाच्या तशा आहेत. ब्लेड घालून दोन्ही बाजूंनी पट्टीसारखं बाहेर दिसतंय ते उजेडात धरून पाहिलं, दोन्हीकडे सारखं. हे काम इथे संपलं.

२८ जुलै

आठवडाभर सूर्य नाही. 'अ' गेल्या महिन्याअखेर २७९ वर आला होता तो आज २८४. लाकूड हवेतलं पाणी परत प्यायला लागलं. 'ड' च्या सालीखाली पांढरी बुरशी, साल सोलून व्हिनेगरने पुसून पंख्याखाली ठेवला. बाकीच्यांची पण साल काढली, आता सावकाश सुकवायची गरज उरली नाही. ओव्हनमध्ये ठेवून उरकावं असं मनात आलेलं पण या आऱ्यांच्या लाकडाला घाई चालणार नाही. ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघणे.

१८ ऑगस्ट

केसांचा गुच्छ ठरवायचा. या छंदातले सगळे त्याला नॉटच म्हणतात, मीही तेच लिहितो. पर्याय तीन-चार. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा महाग. डुकराच्या केसांचा स्वस्त आणि खरं तर उत्तम, कानपूरला त्या केसांचा जुना धंदा आहे, वापरता वापरता केसांची टोकं फाटून मऊ होतात आणि साबण छान धरतात, फक्त दाढीआधी भिजत ठेवावा लागतो. पण घरात देव्हाऱ्याची भिंत आणि बाथरूमची भिंत एकच, आईने "कशाचे केस?" असं दोनदा विचारलं आणि विषय संपला.

घोड्याचे केस सुद्धा असतात. त्यांची एक भयानक गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात ब्रशच्या केसांचा नेहमीचा पुरवठा तुटला आणि नीट निर्जंतुक न केलेले घोड्याचे केस बाजारात आले, बऱ्याचदा बॅजर म्हणून खपवलेले, आणि १९१५ ते १९२४ या काळात अमेरिका-ब्रिटनमध्ये दोनशेच्या वर लोकांना दाढीच्या ब्रशमधून अँथ्रॅक्स झाला. वस्तऱ्याने बारीक कापलं जातं आणि त्याच जागी ब्रश घासायचा, जंतूंना आणखी काय पाहिजे. आता तसं काही राहिलेलं नाही, पण जुन्या बाजारातला केसांचा ब्रश मी फुकट दिला तरी घेणार नाही. रेझर उकळता येतो, ब्रश नाही.

सिंथेटिक मागवला. २४ मिमी, भिजवायला लागत नाही, तासाभरात वाळतो, आणि लाकडी मुठीला हेच सगळ्यात सोयीचं कारण केसांच्या बुडाशी पाणी साठून राहत नाही. दहा वर्षांपूर्वीचे सिंथेटिक टोचायचे, हल्लीचे फारच मऊ येतात. आल्यावर व्हर्नियरने बुडाचा गोंदाचा प्लग मोजला, २३.७. एकूण उंची ६५.

६ ऑक्टोबर

'अ' २६८, गेले तीन आठवडे हललेला नाही. सुकला.

जुन्या नाशकात एक कातारीकाका आहेत, लाटणी, देव्हाऱ्याचे खांब, पाळण्याच्या कड्या असलं कातकाम करतात. लेथ त्यांच्या वडिलांच्या वेळचा, मोटर तेवढी नवी. तुकडा हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला, नखाने टोकावर टिचकी मारली आणि म्हणाले, "भाऊ, हा वेल आहे. लाकूड नाही हे." तरी लावला.

पहिली पाच मिनिटं नुसता ठकठक आवाज, कारण खोड गोल नसतंच. काकांनी पटाशी फार हलक्या हाताने धरली होती, धार आधी विटेवर नाही तर चक्क पाण्याच्या दगडावर लावून घेतली, म्हणाले बोथट पटाशी याला कापणार नाही, उचकटेल. गोल झाल्यावर वेग वाढवला आणि मग रंग दिसला. खालचा डॉगरिजचा भाग तांबूस तपकिरी, वरचा थॉमसनचा पिवळट, आणि मधे कलमाची रेघ सरळ नाही, जिभेसारखी वर चढलेली, ज्याने कुणी कलम भरलं त्याच्या चाकूचा तो काप. बाग लावली तेव्हा कलम भरणारी टोळी कुठली होती ते मेव्हण्याला पण आठवत नाही. काकांनी लेथ थांबवला आणि ती रेघ अंगठ्याने चाचपली, फट लागत नाही. झाडाने स्वतःच इतकं घट्ट शिवलंय.

त्या रेघेच्या वर एक चीर मात्र उघडली, दीड-दोन सेंटीमीटर. तिथे काकांनी याच लाकडाचा भुसा दाबून पातळ इन्स्टंट ग्लू सोडला, धूर आला, लगेच कडक, पुन्हा पटाशी फिरवली. गाभा वरच्या टोकाला भोकातच जाणार होता, खालच्या टोकाला तो राहतोय, तिथेही तसंच भरलं.

आकार साधा ठेवला. खाली रुंद, मधे बोटांना गळा, वर पुन्हा थोडा फुगवटा. ऑनलाइन दिसतात तसल्या कमरेला चिमटलेल्या नाजूक मुठी ओल्या साबणाच्या हातातून निसटतात, फोटोला ठीक आहेत. उंची ५४, जाड जागी ३३. नॉटचं भोक २४ च्या फोर्स्टनर बिटने, म्हणजे सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या, १३ मिमी खोल, म्हणजे केस ५२ मिमी वर राहतील. बिटची टोकदार पिन गाभ्यात शिरली त्यामुळे सरकली नाही, इथे तो गाभा उपयोगी पडला.

काकांनी लाटण्याचे पैसे घेतले. जास्त दिले तर रागावले.

१३ ऑक्टोबर

फिनिश. माझ्या डोक्यात आणि घरी आलेल्या सुतारांच्या डोक्यात यावरून तासभर वाद. त्यांचं म्हणणं चपडा मारा, फ्रेंच पॉलिशसारखी झळाळी कशालाच नाही. झळाळीचं खरं आहे. पण चपडा म्हणजे लाख, ती गरम पाण्याने पांढरी पडते आणि अल्कलीत विरघळते, आणि साबण अल्कलीच असतो. खुर्चीला चपडा, ब्रशला नाही. तेल आणि मेणही रोजच्या पाण्यापुढे टिकत नाही. उरले पीयू म्हणजे पॉलियुरेथेन वार्निश, इन्स्टंट ग्लूचे थर किंवा पातळ इपॉक्सी.

या लाकडाच्या नळ्या उघड्या असल्यामुळे इपॉक्सी घेतलं, ते आत उतरतं. मूठ आधी हेअर ड्रायरने कोमट केली, इपॉक्सी लावलं आणि मग थंड होऊ दिली, थंड होताना आतली हवा आकसते आणि इपॉक्सी ओढून घेते. उलट केलं असतं, म्हणजे लावल्यावर तापवली असती, तर आतून बुडबुडे आले असते. पहिला थर लाकूड अक्षरशः प्यायलं. दुसऱ्यानंतर चमक टिकली. नॉटच्या भोकात आतूनही लावलं आणि बुडाला सगळ्यात जास्त, कारण ब्रश उभा ठेवतात आणि बेसिनवरचं पाणी बुडाखालीच जमतं. लोक बाहेरून दहा थर देतात आणि बूड कोरडं सोडतात, मग मूठ तिथून फुगते.

२२० चा पॉलिश पेपर, मग ४००, मग पाण्यातला १०००. शेवटी चमक मुद्दाम घालवली, हातात धरायला बरं.

२० ऑक्टोबर

नॉट बसवला. आधी सुका बसवून बघितला, सरळ आहे का, चारही बाजूंनी. दोन्ही बाजू मिळून तीन दशांश मिमीचीच फट, तेवढी पुरते. आतल्या भिंतीला आणि तळाला पॉलिश पेपरने ओरखडे पाडले, गुळगुळीत इपॉक्सीवर दुसरं इपॉक्सी नीट धरत नाही. तळाला अरल्डाइट थोडंच, नॉट गोल फिरवत आत दाबला म्हणजे हवा कडेने निघून जाते. रात्रभर उभा. नॉटसकट ५२ ग्रॅम.

२७ ऑक्टोबर

आज फेस. आणि फेस झालाच नाही, म्हणजे झाला पण दोन मिनिटांत बसला, गालावर नुसती पांढरट बुरी. साबण चांगला, नॉट चांगला. आमच्या सातपूरच्या सोसायटीत सकाळी महापालिकेचं पाणी येतं आणि ते संपलं की टाकीत बोअरचं सोडतात. मी दाढी करतो नऊनंतर.

मत्स्यालयाच्या दुकानात पाण्याचा जडपणा मोजायचं थेंबांचं किट मिळतं. वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत थेंब टाकायचे. महापालिकेचं पाणी पटकन निळं झालं, बोअरला थेंब मोजता मोजता कंटाळा आला. आपली जमीन काळ्या पाषाणाची, त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळून येतं, आणि दाढीच्या साबणात असतं मुख्यतः पोटॅशियम आणि सोडियम स्टिअरेट. पोटॅशियमवालं पटकन विरघळून फेस देतं, सोडियमवालं वडी कडक ठेवतं. कॅल्शियम त्यातलं स्टिअरेट पकडून न विरघळणारा साका करतं, बादलीच्या कडेला बसतो तोच. म्हणजे अर्धा साबण पाणी मऊ करण्यातच खर्च. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरतात, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पिण्याला चालेल हो, फेसाला नाही.

खात्री करायला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, त्यात तोच ब्रश, तोच साबण. फेस दह्याच्या वर. मग बोअरच्याच मगभर पाण्यात सायट्रिक अॅसिडची किंचित चिमूट, लिंबूफूल म्हणून किराणात मिळतं ते. तेही जमलं. चिमूट वाढवली की उलटं होतं, आम्लाने साबणच फुटतो. हजारो रुपयांच्या परदेशी साबणांवर चर्चा करणाऱ्यांनी आधी टाकीत काय पाणी आहे ते विचारावं असं माझं स्पष्ट मत झालंय.

ठरवलं, सकाळी तांब्याभर महापालिकेचं पाणी बाजूला काढून ठेवायचं. एका दाढीला त्याहून जास्त लागत नाही.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. मेव्हणा ओवाळून घ्यायला आला तो दोन दिवसांची दाढी घेऊनच. त्याची बहीण म्हणाली "आधी तोंड नीट करून ये." त्याला बसवला.

कोमट पाण्याने तोंड धुवून मिनिटभर ओलं ठेवलं, केस पाणी पिऊन मऊ पडतात, निम्मं काम तिथेच होतं. ब्रश वडीवर अर्धा मिनिट फिरवला, मग गालावरच, थेंब थेंब पाणी वाढवत, आधी चिकट पेस्ट, मग चमक येते आणि केस उभे राहतात. रेझर साधारण ३० अंशांवर, दाब शून्य, रेझरच्या वजनावर सोडायचा. पाच ब्लेडच्या कार्ट्रिजची सवय असलेला माणूस दाबतोच, त्यालाही दोनदा "सोड, सोड" म्हणावं लागलं. एकदा केसांच्या दिशेने, पुन्हा फेस, एकदा आडवं. गळ्यावर त्याचे केस कानाकडे वाढतात हे त्याला या वयात कळलं. उलटं फिरवू दिलं नाही. शेवटी गार पाणी आणि तुरटी, हनुवटीखाली एका जागी झोंबली फक्त.

गालावरून हात फिरवत म्हणाला, "सलूनवाला अर्धं ब्लेड मोडून वस्तऱ्यात घालतो तेच ना हे?" तेच. मग ब्रश उलटा करून बूड बघत बसला. कलमाची रेघ दाखवायची गरज पडली नाही, त्यानेच ओळखली. "हा जोड नीट बसलेला होता, म्हणूनच ही ओळ माल द्यायची," म्हणाला, आणि मग नव्या बागेच्या छाटणीवर गाडी गेली ती जेवणापर्यंत.

२२ डिसेंबर

रोजच्या वापरात आहे. थंडीत हवा कोरडी पडल्यावर भरलेल्या चिरेच्या वर इपॉक्सीत केसाएवढी रेघ उमटली, नखाला लागत नाही. वजन करून बघितलं, ५२ च, म्हणजे पाणी आत गेलेलं नाही. तरी पातळ ग्लूचा एक थेंब सोडला. बूड ठणठणीत.

'फ' तुकडा २७१ वर थांबलाय, मेव्हण्यासाठी. त्याला २६ चा नॉट हवाय कारण त्याची बोटं जाड आहेत, म्हणजे भोकाभोवतीची भिंत पातळ होणार. कातारीकाकांना विचारून वरचा फुगवटा दोन मिमी वाढवता येतो का बघायचं. संक्रांतीनंतर.